कलम सात

करारात सातवं कलम आहे:
"भाडेकरूस सदर जागेत कोणताही प्राणी पाळता येणार नाही."
सहावं, भिंतीला खिळे न ठोकण्याविषयी.
आठवं, विहिरीचा पंप रात्री नऊनंतर न लावण्याविषयी.
मधलं हे टाइप केलेलं नाही,
निळ्या शाईनं, हातानं, मागाहून घुसवलेलं.

सही करताना मला हसू आलं होतं.
माझ्याकडे दोन पातेली, एक गादी
आणि खात्यानं दिलेला वजनकाटा.
दर तीन वर्षांनी बदली.
कोण पाळतंय?

वेंगुर्ल्याच्या बंदरावर मोजायचं, हे माझं काम.
किती होड्या, किती टोपल्या बांगडा,
पेडवे किती, मोरी किती.
सगळं लिहायचं,
आणि त्यातलं आपलं काहीच नसतं.

बर्फाच्या कारखान्यामागे चार पिल्लं होती.
शिमग्यानंतर तीन.
आता एक.
ही घट कुठल्या रकान्यात लिहायची ते खात्यानं सांगितलेलं नाही.
एक कान उभा, एक पडलेला,
अंगाला डिझेलचा आणि खाऱ्या मासळीचा वास.
मी वही उघडली की ते माझ्या चपलेवर येऊन बसतं.

मी नाव ठेवलेलं नाही.
नाव ठेवलं की संपलं.
"ए" म्हणते. "ए, हट" म्हणते.
ते हटत नाही.

एक जूनला बंदी लागेल.
होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतील,
टोपल्या पालथ्या पडतील,
मी ऑफिसात बसून वर्षाच्या बेरजा करीन,
आणि दोन महिने बंदरावर
कुणाच्या हातून काही सांडणार नाही.

रात्री विजेच्या बिलामागे हिशेब मांडला:
सुयांचे पैसे, दुधाचे,
मी मालवणला दौऱ्यावर जाते त्या दिवसांचे.
बेरीज पगारात बसत होती.
तीन वर्षांत बसत नव्हती.

केळुसकरकाकी मागल्या दारी रातांबे फोडत होत्या,
कोपरापर्यंत लाल.
घाण, भुंकणं, शेजारी,
सगळ्यांची उत्तरं पाठ करून गेले होते.
त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"तुज्या आदी चौगुले मास्तरीण होती.
बोको होतो तिचो.
कुडाळाक बदली झाली. टेम्पो भरलो, बोको रवलो.
म्हयनोभर ह्या दारात बसान होतो.
मियां पेडवे घातलंय, दूद घातलंय,
माज्याकडे वळान बघूक नाय.
दार उघडात म्हणान."

एक रातांबा फोडला. बिया एकीकडे, साल एकीकडे.

"जाताना व्हरतलंस?"

"हो" म्हणायला किती वेळ लागतो?
पण अंदाजे आकडा लिहायची मला सवय नाही.
ज्याला माशांच्या वजनात खोटं चालत नाही
त्यानं इथे कसं चालवावं?
म्हटलं, "उद्या सांगते."
काकी म्हणाल्या, "सांग."
आणि पुढचा रातांबा उचलला.

सकाळी त्याला खात्याच्या काट्यावर ठेवलं.
तीन किलो चारशे.
थरथरत होतं, पण उतरलं नाही.
वहीत लिहिलं नाही, तरी आकडा
दिवसभर डोक्यात राहिला.

संध्याकाळी एसटी स्टँडवर,
जाळीतून वाकून कंट्रोलरला विचारलं,
"कुत्र्याचं तिकीट लागतं का?"
त्यानं चष्मा कपाळावर चढवला.
"खंयसर जातलो तो?"

मला काय माहीत.
ऑर्डर यायला अजून एकोणीस महिने.
देवगड, श्रीवर्धन, कुठलंही बंदर.

मागच्या माणसाला सावंतवाडीची गाडी धरायची होती.
"ताई, जरा बाजूला."
झाले बाजूला.
कापडी पिशवीतून
तो एकच उभा कान बाहेर आला होता.